विजेचे सोवळे

तिन्हीसांजेला देवापुढे निरांजन लागते, मग ओसरीवरचे बटण दाबले जाते, विजेचा दिवा लागतो आणि घरातील वडीलधाऱ्या माणसांचे हात आपोआप जोडले जातात. ही चाल आमच्या घरी आजीने घालून दिली. समईला करावयाचा नमस्कार तिने प्रथम कंदिलाला दिला आणि पुढे गावात वीज आली तेव्हा तो जसाच्या तसा काचेच्या गोळ्याला बहाल केला. आम्ही मुले हसत असू. आज त्या आजीच्या वयाला मी येऊन पोचलो आहे, माझेही हात जोडले जातात, आणि गेली काही वर्षे नेमक्या त्या क्षणी एक प्रश्न मनात डोकावून जातो: हा नमस्कार पोचतो तरी कोणाला?

समईच्या बाबतीत हा प्रश्न पडण्याचे कारण नव्हते. तेल आमच्याच भाटातील खोबऱ्याचे, गावच्या घाण्यावर काढलेले. वात आजीने दुपारी मांडीवर वळलेली. नारळ उतरवणाऱ्या पाडेल्याची मजुरी, घाणेवाल्याचा वाटा, कापूस पिंजण्याचे कष्ट, सारे डोळ्यांसमोर होते. घरात उजेड पडावा म्हणून कोणाला काय सोसावे लागले, याचा हिशेब गावाच्या वेशीच्या आतच पुरा होत असे. त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. चुलीच्या आणि चिमणीच्या धुराने आजीचे डोळे अधू झाले होते आणि वीज आली त्या दिवशी सर्वांत अधिक आनंद तिलाच झाला होता. मला म्हणायचे आहे ते एवढेच, की त्या उजेडाची किंमत कोण देत होते हे तिला ठाऊक होते. मला ते ठाऊक नव्हते. आणि ठाऊक नसणे इतके सोयीचे होते की पुष्कळ वर्षे मी ते जाणून घेण्याच्या भानगडीत पडलो नाही.

गोव्यात घरोघर वीज पोचवणारी संस्था म्हणजे शासनाचे वीज खाते. हे खाते वीज मुख्यत्वे विकत घेते आणि वाटते. स्वतःचे म्हणावे असे मोठे वीजनिर्मिती केंद्र या भूमीवर नाही. छत्तीसगडमधील कोरबा आणि सिपत, मध्य प्रदेशातील विंध्याचल, तेलंगणातील रामगुंडम ही कोळशावर चालणारी केंद्रे. तारापूर आणि काक्रापार ही अणुशक्तीची. या साऱ्यांतील आपला वाटा तारांवरून आपल्यापर्यंत येतो. हसदेव नदीकाठचे कोरबा आमच्या ओसरीपासून हजाराहून अधिक किलोमीटर दूर आहे. विंध्याचल केंद्राची शक्ती ४,७६० मेगावॅट, म्हणजे देशातील औष्णिक केंद्रांत सर्वांत मोठी. ते ज्या सिंगरौलीच्या पट्ट्यात उभे आहे तेथील अनेक कुटुंबे आधी रिहंद धरणासाठी उठली, आणि जेथे जाऊन बसली तेथून पुढे खाणींसाठी आणि वीजकेंद्रांसाठी पुन्हा उठवली गेली. एक युनिट विजेसाठी आपल्याकडील कोळसा पाऊण किलोच्या जरा आत लागतो आणि त्यातला साधारण तिसरा हिस्सा राख म्हणून मागे उरतो. महिन्याला तीनशे युनिट वीज वापरणारे घर, सारी वीज कोळशाचीच धरली तर, दोनशे किलोच्या आसपास कोळसा जाळते आणि साठ-सत्तर किलो राख करते. ही राख माझ्या परसात येऊन पडत नाही. पडली असती तर हा लेख मी पंचवीस वर्षांपूर्वीच लिहिला असता.

दूर कोठेतरी, माझ्यासाठी, परंतु मला न विचारता जे जाळले जाते, ते माझे कर्म म्हणावयाचे की नाही? आपल्या जुन्या धर्मविचारात या प्रश्नाचे एक उत्तर मोठे निष्ठुर आहे. मनुस्मृतीत मांसभक्षणाच्या प्रकरणी घातक कोणाला म्हणावे याची एक यादी येते. प्रत्यक्ष मारणारा तर तीत आहेच. पण अनुमती देणारा, कापणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा, अशा सर्वांनाच तेथे एका पंक्तीत बसवले आहे. त्या ग्रंथातील कितीतरी गोष्टी आज आपण टाकून दिल्या आहेत आणि त्या टाकण्याच्याच लायकीच्या होत्या. ही यादी मात्र मला टाकवत नाही. कर्माची साखळी जितकी लांब, तितका शेवटच्या कडीचा दोष कमी, असे आपण मनाशी धरून चालतो. यादी करणाऱ्याला ते मान्य नव्हते. विजेची तार ही तर मनुष्याने बनवलेली सर्वांत लांब साखळी.

गोवा शासनाने २०५० सालापर्यंत सगळी वीज अक्षय साधनांपासून मिळवण्याचा संकल्प जाहीर केला आहे. संकल्प चांगला आहे. तथापि, ज्या वाक्यात तो सांगितला जातो त्यातील ‘स्वच्छ वीज’ हा शब्द थोडा थांबून पाहावासा वाटतो. स्वच्छ म्हणजे काय? धूर नाही ती स्वच्छ, हा एक अर्थ झाला. परंतु हा शब्द आपण उच्चारतो तेव्हा त्याच्या पाठीमागे एक जुना, घरगुती अर्थ उभा असतो आणि तो ‘सोवळे’ या शब्दाचा असतो. सोवळे हे वस्तूच्या अंगच्या गुणावर अवलंबून नसते. ते स्पर्शावर अवलंबून असते. धूतवस्त्र कितीही निर्मळ असले तरी ओवळ्याचा हात लागला की संपले. त्या न्यायाने पाहू गेल्यास विजेला सोवळे असूच शकत नाही. देशभराच्या तारा एकमेकींत गुंतलेल्या आहेत. कोळशाची, पाण्याची, वाऱ्याची, उन्हाची आणि अणूची वीज एकाच तळ्यात येऊन पडते आणि आपण त्या तळ्यात आपली कळशी बुडवतो. कळशीतले पाणी कोणत्या ओहोळाचे, हे सांगण्याची सोय निसर्गाने ठेवलेली नाही. मग एखादी वीजसंस्था ‘आमची वीज शंभर टक्के स्वच्छ’ असे म्हणते तेव्हा ती नेमके काय म्हणत असते?

आपण ज्याचा संकल्प करीत आहोत ते आम्ही साधले, असे सांगणारे एक गाव अमेरिकेत आहे. त्याची हकीकत या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश टाकते, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

व्हरमाँट राज्यात शँप्लेन सरोवराच्या काठी बर्लिंग्टन नावाचे शहर आहे. लोकवस्ती ४५ हजारांच्या आसपास. आपल्या मडगावच्या जवळजवळ निम्मी. येथील वीजसंस्था कोणा व्यापारी कंपनीची नाही, नगराची आहे, आणि ती १९०५ पासून चालत आली आहे. एके काळी या शहराची वीज सरोवराच्या अगदी काठावरच्या कोळशाच्या केंद्रात होत असे. ‘मोरान’ हे त्याचे नाव. १९५४ मध्ये ते सुरू झाले, १९८६ मध्ये बंद पडले. त्याचा पोलादी सांगाडा पुढे लोकांनी तसाच जपून ठेवला. त्याच्या जागी लाकडावर चालणारे ‘मॅकनील’ हे ५० मेगावॅटचे केंद्र १९८४ मध्ये आले. त्यात नगराच्या संस्थेचा वाटा निम्मा. पूर्ण भाराने चालताना या केंद्राला ताशी सुमारे ७६ टन लाकडाचे तुकडे लागतात. शहराच्या रस्त्यांवर मालमोटारींची गर्दी होऊ नये म्हणून त्यांतील बहुतेक आगगाडीने आणावयाचे, अशी अट आहे. ज्या रानांतून लाकूड येते तेथे तोड कशी झाली हे पाहण्यासाठी वीजसंस्थेने स्वतःचे वनतज्ज्ञ नोकरीस ठेवले आहेत. वीज विकणाऱ्या संस्थेच्या पगारपटावर झाडे ओळखणारी माणसे असावीत, ही गोष्ट मला फार आवडली. पुढे जवळच्या डोंगरावरील पवनचक्क्यांची वीज घेण्याचा करार झाला, कॅनडातील क्वेबेकच्या जलविद्युतीचा वाटा आला, आणि २०१४ मध्ये विनूस्की नदीवरील ७.४ मेगावॅटचे लहानसे जलविद्युत केंद्र संस्थेने विकत घेतले. त्याबरोबर तिने जाहीर केले, की आमच्या नगराला लागेल तितकी सारी वीज आता अक्षय साधनांची आहे.

येथवर गोष्ट सरळ आहे. खरी मौज पुढे आहे.

तेथील व्यवहारात अक्षय साधनाच्या विजेचे दोन भाग पडतात. एक भाग म्हणजे प्रत्यक्ष वीज, जी तळ्यात जाऊन मिसळते. दुसरा भाग म्हणजे एक प्रमाणपत्र: ‘ही हजार युनिटे अक्षय साधनापासून निर्माण झाली.’ हे दोन भाग वेगवेगळे विकता येतात. मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट या शेजारच्या राज्यांतील वीजकंपन्यांवर अशी प्रमाणपत्रे जमवण्याचे बंधन कायद्याने घातलेले आहे, आणि नव्या धाटणीच्या केंद्रांची प्रमाणपत्रे तेथे महाग जातात. बर्लिंग्टनची संस्था काय करते? लाकडाच्या केंद्राची आणि पवनचक्क्यांची आपली मौल्यवान प्रमाणपत्रे ती या कंपन्यांना विकते आणि जुन्या जलविद्युत केंद्रांची स्वस्त प्रमाणपत्रे घेऊन आपली वही पुन्हा भरून काढते. दोहोंतला फरक तिच्या गाठीला राहतो. २००९ पासून २०२१ पर्यंत बारा वर्षे तिने विजेचा दर वाढवला नाही, त्यात या विक्रीच्या उत्पन्नाचाही हात होता.

आपल्या भाषेत सांगायचे तर हा पुण्याचा विक्रय झाला. एका गृहस्थाने कडक व्रत केले, त्याचे पुण्य शहरातील सावकाराला चढ्या भावाने विकले, कोणा म्हाताऱ्याने फार पूर्वी केलेल्या यात्रेचे पुण्य स्वस्तात विकत घेतले, आणि गावात येऊन सांगितले की माझे खाते पूर्वीइतकेच भरलेले आहे. गणित चुकलेले नाही. लबाडीही नाही, कारण ही संस्था हा व्यवहार लपवत नाही. विचारणाऱ्याला स्वच्छ सांगते. मग मनाला खटकते ते काय?

खटकते ते हे, की म्हाताऱ्याची यात्रा आधीच होऊन गेली होती. जुनी जलविद्युत केंद्रे ती प्रमाणपत्रे विकली गेली नसती तरी चाललीच असती. बर्लिंग्टनच्या नव्या केंद्रांनी जगात जे नवे भले घडवले त्याचे श्रेय मॅसॅच्युसेट्सच्या वहीत गेले, आणि बर्लिंग्टनच्या वहीत जे आले त्याने नवे असे काही घडवले नाही. उलट बाजूनेही बोलता येईल, आणि ते बोलणे कच्चे नाही: ती केंद्रे उभी राहिली हे तर खरे ना? त्यांच्यासाठी पैसा कोठून तरी यायचाच. विक्री झाली नसती तर नगरातील गरिबांच्या बिलांतून तो काढावा लागला असता. मी या दोन बाजूंच्या मध्ये बराच काळ घुटमळलो. शेवटी मला आमच्या घरातील एका जुन्या प्रसंगाने वाट दाखवली.

आजोबांच्या बाराव्या-तेराव्याच्या वेळी भटजींनी गोप्रदान सांगितले, आणि लगेच, आमच्या तोंडाकडे पाहून, ‘निष्क्रय ठेवला तरी चालेल’ असे म्हणाले. गाईऐवजी पैसा. चुलत्यांनी सव्वा रुपया ठेवला आणि विधी यथासांग पार पडला. शास्त्राची ही सोय दयाळू आहे. ज्याच्याजवळ गाय नाही त्याने काय करावे? परंतु त्या वेळी आमच्या गोठ्यात दोन गाई बांधलेल्या होत्या. आजी त्या दिवशी काही बोलली नाही. चार दिवसांनी मात्र ती एवढेच म्हणाली, ‘गोठ्यात नसती तर गोष्ट वेगळी.’

प्रमाणपत्र हा आधुनिक निष्क्रय आहे, आणि त्याची नीती-अनीती आजीच्या त्या वाक्यात आहे असे मला वाटते. आपल्याकडेही २०१० पासून ही व्यवस्था सुरू झाली. हजार युनिटांचे एक प्रमाणपत्र, त्याचा बाजारात सौदा. प्रत्येक वीजसंस्थेने आपल्या विजेचा ठराविक हिस्सा अक्षय साधनांचा घ्यावा असे बंधन नियामक आयोग घालतो, आणि जिला तशी वीज मिळाली नाही तिने प्रमाणपत्रे विकत घेऊन ते बंधन पुरे करावे अशी मुभा आहे. गोव्याच्या वीज खात्यानेही आपले बंधन काही अंशी असा निष्क्रय ठेवून पाळलेले आहे. पुढे परराज्यांतील सौर आणि पवन विजेचे प्रत्यक्ष करारही झाले. खात्याला दोष देण्याची मला घाई नाही. अवघ्या ३,७०२ चौरस किलोमीटरांची ही भूमी. पूर्वेला सह्याद्रीची राने, पश्चिमेला समुद्र, मधल्या पट्ट्यात शेती, गावे, खाणींचे खड्डे आणि परगावच्या धनिकांचे बंगले. राजस्थानासारखी मैलोगणती उन्हात तापणारी पडीक जमीन येथे आणायची कोठून? पण म्हणून आपला गोठा अगदीच रिकामा आहे काय, हा प्रश्न उरतोच. त्याकडे वळण्यापूर्वी एक पाऊल मागे जाणे भाग आहे.

धूर नसलेल्या विजेलाही किंमत असते, हे मराठी माणसाला कोणी परक्याने शिकवण्याची गरज नाही. मुंबईच्या गिरण्या कोळशाच्या वाफेवर चालत असत तेव्हा घाटावरचे पाणी अडवून त्याची वीज मुंबईला नेण्याची योजना टाटांनी पुढे आणली. कोळशाहून ती स्वस्त होती आणि कितीतरी निर्मळ होती. खोपोलीचे केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. पुढे त्याच मालिकेतील धरण मुळशी पेट्यात बांधावयास घेतले तेव्हा, १९२१ च्या रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्याचे पुढारी. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी चिकटली ती याच लढ्यात. १९२४ पर्यंत लढा चालला आणि मोडला. धरण झाले, गावे बुडाली, मुंबईचे दिवे लागले. मुळशीची वीज आज कोणत्याही पुस्तकात स्वच्छ वीज म्हणूनच नोंदली जाईल, आणि फुप्फुसांच्या दृष्टीने ती तशी आहेही. बर्लिंग्टनला मिळणाऱ्या क्वेबेकच्या विजेमागेही हीच कथा आहे. १९७१ मध्ये जेम्स उपसागराची योजना घोषित झाली तेव्हा क्री लोकांना आपल्या शिकारीच्या भूमीसाठी न्यायालयात जावे लागले. १९७५ मध्ये करार झाला, पण बुडालेल्या रानांतून पारा सुटून तो माशांत उतरला आणि त्या माशांवर जगणाऱ्यांना ते खाताना मोजून खावे लागले. आता लाकडाचे पाहा. त्याच्या धुरात, वीज युनिटास युनिट धरल्यास, कर्बवायू कोळशाहून कमी नसतो. तो परत शोषण्यासाठी नवे झाड वाढावे लागते आणि झाडाला घाई नसते. बर्लिंग्टनमध्ये याच मुद्द्यावर मॅकनील बंद करा म्हणणारे लोक आहेत, आणि त्यांच्या नगरसभेत त्यावर वाद झडतात.

हे वाद झडतात, याचेच मला अधिक मोल वाटते. ते धुराडे शहराच्या हद्दीत उभे आहे. तेथील गृहिणीने दिवा लावला आणि खिडकीतून बाहेर पाहिले तर आपल्या दिव्याचा धूर तिला दिसू शकतो. प्रमाणपत्रांच्या वहीपेक्षा त्या धुराड्याने त्या गावाला अधिक प्रामाणिक ठेवले असावे, असा माझा तर्क आहे.

आपले धुराडे आपल्याला दिसत नाही. एकदाच ते अंधुकसे दिसले, आणि तेही जवळजवळ चुकून. तमनार हे छत्तीसगडच्या रायगढ जिल्ह्यातील कोळशाच्या पट्ट्यातले गाव. त्याचे नाव धारण करणारी, गोव्याला अधिक वीज आणून देणारी एक वाहिनी योजिली गेली. धारवाडजवळच्या नरेंद्र उपकेंद्रापासून घाट उतरून शेल्ड्यापर्यंत ४०० किलोव्होल्टच्या तारा यावयाच्या, त्यासाठी मोल्याच्या अभयारण्यातून पट्टा काढावयाचा आणि सांगोड येथे उपकेंद्र उभारावयाचे, असा बेत होता. एप्रिल २०२०मध्ये, देश टाळेबंदीत असताना, वन्यजीव मंडळाच्या समितीने दूरदृश्य बैठकीत त्याला संमती दिली, आणि मोले वाचवण्यासाठी गोव्यातील तरुण मंडळी उठली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०२२ मध्ये न्यायालयाने, नव्या रानात घुसण्याऐवजी जुन्या वाहिनीच्या पट्ट्यातूनच तारा न्याव्यात, ही आपल्या तज्ज्ञ समितीची शिफारस उचलून धरली. मी त्या आंदोलनाच्या एका निवेदनावर सही केली होती आणि आजही करीन. मोल्याचे रान ज्याने पावसाळ्यात पाहिले आहे त्याला याहून निराळे करता यायचे नाही.

परंतु त्या दिवसांत एका सायंकाळी वीज गेली. पंख्याखाली बसून निवेदनाचा मसुदा तपासणारा मी, अंधारात पहिला विचार कोणता करतो? ‘या खात्याला साधी वीज देता येत नाही!’ दिवे आले तेव्हा मला स्वतःचीच थोडी शरम वाटली. तमनारजवळ गारे नावाचे गाव आहे. तेथे गांधी जयंतीला खेडूत जमतात आणि आपल्याच जमिनीतला कोळसा हाताने उचलून सत्याग्रह करतात. जमीन आमची, तर खालचा कोळसाही आमचा, असे त्यांचे म्हणणे. मोल्याच्या तारांचे दुसरे टोक या माणसांच्या अंगणात होते. आमच्यातील काही जाणत्यांनी कोळशाचा प्रश्न त्या वेळी मांडलाही होता. तथापि माझ्या सहीच्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे फक्त आपली झाडे होती. तार कोठून जावी याविषयी मला मत होते. तार कोठून येते याविषयी नव्हते.

ते मत तयार झाल्यावर घरी स्वस्थ बसवेना. दोन वर्षांपूर्वी मी छपरावर सौर पट्ट्या बसवण्याचे ठरवले. केंद्र सरकारने २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू केलेल्या योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान मिळते, तेव्हा पैशांची सबबही उरली नव्हती. हा आपला गोठा; येथे गाय आहे. दिवसा उन्हाची वीज खात्याच्या तारांत सोडावी, रात्री खात्याची घ्यावी, मीटरने दोहोंची वजाबाकी करावी. वजाबाकी म्हणताना मी जरा अडखळलो, हे कबूल करतो. दुपारी मी तळ्यात एक कळशी ओततो आणि रात्री एक भरून घेतो; कागदावर शून्य उरते, पण रात्रीची ती कळशी बहुतांशी कोरब्याचीच असते. आषाढात तर चार चार दिवस सूर्य दिसत नाही. माझीही वही बर्लिंग्टनच्या वहीसारखीच आहे, लहान एवढेच. फरक मानायचा तर इतका, की दुपारच्या त्या कळशीपुरता कोठेतरी कोळसा खरोखरच कमी पडतो. ती आधी होऊन गेलेली यात्रा नव्हे.

पट्ट्या बसवणारा मुलगा शिडीने वर चढला, छपराभोवती फिरला आणि खाली येऊन म्हणाला, ‘भाई, हो पणस कापल्याबगर जावचें ना.’

तो फणस माझ्या वडिलांनी लावलेला. दक्षिणेकडच्या पाख्यावर दुपारी त्याचीच सावली पडते. त्याच सावलीने वैशाखात मधली खोली थंड राहते, म्हणजे पंख्याची वीजही वाचते. हे मी त्याला सांगितले तेव्हा तो विनयाने हसला. मी म्हटले, फणस ठेवून जमेल तेवढे कर. त्याने हिशेब केला. तीनऐवजी दोन किलोवॅट बसतील; वर्षाला सुमारे तेराशे युनिट कमी. त्याने ते कागदावर लिहून दिले आणि खाली सही मागितली, पुढे तक्रार नको म्हणून.

सही करताना मी उरलेला हिशेब स्वतःच मांडला. तेराशे युनिट म्हणजे सुमारे नऊशे किलो कोळसा आणि तीनशे किलो राख, दर वर्षी. ही राख हसदेवच्या काठी कोणाच्या तरी भाताच्या खाचरावर जाऊन पडेल, आणि तो शेतकरी माझ्या वडिलांना ओळखत नाही. फणस तोडला तर सावली जाईल, पाखरे जातील, आणि मी मोल्यासाठी सही करणारा म्हातारा आपल्या दारचे झाड तोडून बसलेला दिसेन. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या आणि कोणत्याही प्रमाणपत्राने त्या मिटत नव्हत्या. शेवटी मी फणस ठेवला. योग्य केले की नाही याविषयी माझी बायको आणि मी अजून एकमताचे नाही. तिचे म्हणणे, मी झाडासाठी ठेवले नाही, वडिलांसाठी ठेवले. तसे असेलही.

तीनशे हा आकडा मी पेन्सिलीने मीटरच्या पेटीच्या झाकणावर, आतल्या बाजूला, लिहून ठेवला आहे. दर महिन्याला खात्याचा माणूस येतो, पेटी उघडतो, आपले आकडे टिपतो. मागच्या खेपेस त्याने विचारले, हा कसला आकडा? मी सांगितले, फणसाचा. त्याने एकदा झाडाकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले, आणि यंदा फणस बरेच धरलेले दिसतात, असे म्हणून तो पुढच्या घराकडे गेला.